एका रिपोर्टवर पोट फाडायचं नाही

सरांचे कान तिखट होते. हे सुरुवातीलाच लिहून ठेवतो, कारण लंडनच्या मराठी मंडळींत त्यांची जी गोष्ट अजून सांगितली जाते ती याच्या नेमकी उलट आहे, आणि ती गोष्ट माझ्या तोंडून निघालेली आहे.

वेटिंग रूममध्ये कुणी खोकलं की सर बंद दाराआडून, हातातलं काम न थांबवता म्हणत, "आपला गवंडी आला. सिगरेट पुन्हा सुरू केलेली दिसते." दार उघडून पाहावं तर गवंडीच बसलेला असे, आणि खिशातून पाकिटाचा कोपरा डोकावत असे. स्टेथोस्कोप लावण्याआधी ते पेशंटला गप्प बसवत आणि डोळे मिटून नुसता त्याचा श्वास ऐकत. इंग्रज पेशंटना पहिल्यांदा वाटे, म्हातारा झोपला.

लंडनच्या पश्चिमेला, ब्रॅकनेलपासून थोडं आत, जिथे नवी घरं संपून शेतं सुरू होत, तिथे त्यांची सर्जरी होती. इथे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्याला सर्जरी म्हणतात. पुढे सर्जरी, मागे घर. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी हॉस्पिटलातल्या फिरत्या नोकऱ्यांना कंटाळून त्यांच्या हाताखाली आलो. सर तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर होते. सांगलीकडचे, उंच, किंचित वाकलेले. टायवर कार्डिगन आणि दोन्ही मनगटांवर एकेक घड्याळ.

पहिल्या दिवशी मी त्या दोन घड्याळांबद्दल विचारलं. "एक चुकलं तर कळायला नको?" ते म्हणाले. मी म्हणालो, दोन्हींत फरक पडला तर चुकलेलं कुठलं हे कसं कळणार? त्यांना प्रश्न आवडला. "नाही कळत. पण विचारायला पाहिजे एवढं तर कळतं."

त्यांचं सगळं आयुष्य या एका खोडीवर उभं होतं. तापाच्या पेशंटला ते दोन थर्मामीटर लावत. रस्ता विचारायचा तर दोघांना विचारत, आणि दोघांनी वेगवेगळा सांगितला की खूश होत. आमटीत मीठ बरोबर आहे का हे काकूंनी सांगून भागत नसे, मला स्वयंपाकघरात बोलावून चमचा पुढे केला जाई. काकू म्हणत, "लग्न तेवढं यांनी एकदाच बघून केलं. आता तीस वर्षं दुसरं मत मागतायत." सरांची आवडती म्हण होती, म्हण कसली, त्यांनीच केलेली: एका रिपोर्टवर पोट फाडायचं नाही. तरुणपणी मिरजेच्या हॉस्पिटलात असताना कुणाच्या तरी एका चुकीच्या रिपोर्टवर त्यांनी खरंच एक पोट फाडलं होतं. आत काही नव्हतं. तो माणूस जगला का, हे मी कधी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

आता पेटीबद्दल. रिसेप्शनच्या मागे, लसींच्या फ्रिजवर, एक राखाडी पेटी होती. टेलिफोनच्या तारेला जोडलेली. ती दिवसरात्र टिकटिकत असे. तशा पेट्या तेव्हा देशभर होत्या, पोलीस ठाण्यांत, पबांत, शेतकऱ्यांच्या घरांत, डॉक्टरांकडे. रशियाची क्षेपणास्त्रं निघाली तर ती टिकटिक थांबून पेटीतून इशारा येणार आणि ज्याच्याकडे पेटी आहे त्यानं बाहेर जाऊन हातानं फिरवायचा सायरन वाजवायचा, अशी व्यवस्था. मग गावाला चार मिनिटं मिळणार. ही चार मिनिटं त्या काळी इथे शाळेतल्या पोरांनाही पाठ होती. सायरन सरांच्या गॅरेजमध्ये एका लाकडी खोक्यात होता. हे काम त्यांनी स्वखुशीनं घेतलं होतं. इतक्या इंग्रज घरांमधून ते आपल्याकडे आलं याचा त्यांना अभिमान होता, पण तो दाखवायचा नाही म्हणून ते पेटीला "आमच्या घरची पाल" म्हणत. पाल चुकचुकते आहे तोवर सगळं ठीक.

इशाऱ्यांचे रंग ठरलेले होते. लाल म्हणजे हल्ला येतोय, काळा म्हणजे किरणोत्सारी धूळ येतेय, पांढरा म्हणजे संकट टळलं. सरांनी हे रंग सर्जरीत वापरायला सुरुवात केली. सोमवारी सकाळी दारातून डोकावून ते म्हणत, "आज वेटिंग रूम लाल आहे रे." अमेरिकन लष्कराची पाच पायऱ्यांची पद्धतही त्यांना माहीत होती. त्यात पाच म्हणजे शांतता आणि एक म्हणजे युद्ध, असं उलटं चालतं. त्या पायऱ्यांवर ते काकूंचा मूड मोजत. मी मागच्या दारानं आलो की बोटं दाखवत, आज चार, आज तीन. "बासष्टच्या क्यूबाच्या संकटात अमेरिकन दोनपर्यंत उतरले होते," ते मला सांगत, "तुझी काकू मी इंडियाचं तिकीट न विचारता रद्द केलं तेव्हा. एकवर अजून कुणीच गेलेलं नाही."

पण थट्टेखाली त्यांचा अभ्यास पक्का होता. युद्ध होता होता राहिलं, अशा बातम्या ते गोळा करत. एका रडारनं उगवता चंद्र क्षेपणास्त्रं म्हणून दाखवला होता, ती त्यांची लाडकी. दुसरी, सरावासाठी केलेली टेप खऱ्या यंत्रावर चढली आणि पडद्यावर हल्ला दिसू लागला. तिसरी, काही पेनींच्या एका चिपमुळे शून्याच्या जागी दोन उमटत गेले. हे सगळं ते दुपारच्या जेवणात, पोळीचा तुकडा हातात धरून सांगत. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी त्यांचा प्रश्न ठरलेला: "मग थांबवलं कुणी?" बातमीत यंत्राचं नाव असे, जनरलचं असे. पहिल्यांदा "थांबा" म्हणणाऱ्याचं नसे. ते त्यांना खुपे.

मला हे सगळं तेव्हा वेड वाटे. आमच्या सर्जरीपासून गाडीनं जाण्याच्या अंतरावरच्या लष्करी तळावर अमेरिकन क्षेपणास्त्रं येऊ घातली होती, त्यांच्या निषेधात तळाच्या कुंपणाबाहेर बायका तंबू ठोकून बसल्या होत्या, माझी बायको पहिलटकरीण होती आणि टीव्हीवर दार काढून भिंतीला टेकवून त्याखाली कसं लपायचं याची चर्चा चाले. आणि हा माणूस चंद्राच्या गोष्टी सांगतोय.

तो बुधवार होता. बुधवारी दुपारी सर्जरी बंद. रिसेप्शनिस्ट बाई घरी गेल्या होत्या. काकू लंडनला, स्टॅनमोरच्या लेकीकडे होत्या. सर आणि मी रिसेप्शनमागे उभ्यानं चहा पीत होतो. मी काहीतरी बोलत होतो, बहुधा कौन्सिलच्या पार्किंगबद्दल, आणि सरांनी हात वर केला.

"थांबली," ते म्हणाले.

मला काहीच कळलं नाही. टिकटिक थांबल्याचं माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मी अजून "काय?" म्हणतोय तोवर पेटीतून वरखाली होणारा स्वर सुरू झाला आणि त्यावर एका माणसाचा अगदी सपाट आवाज. हल्ल्याचा इशारा, लाल. पुन्हा तेच. पुन्हा.

मी गॅरेजकडे धावलो. त्या वेळी माझ्या मनात काय होतं ते सांगता येत नाही. बायकोला फोन करावा हेसुद्धा सुचलं नाही, याची मला पुढे फार लाज वाटली. लाकडी खोकं ओढत अंगणात आणलं, झाकण उघडलं, आणि मागून सर आले. हातात कपबशी होती, काखेत काकूंच्या स्वयंपाकघरातला रेडिओ. त्यांनी पायानं झाकण खाली लोटलं आणि खोक्यावर बसले.

"सर, उठा."

"बस."

"सर, चार मिनिटं आहेत."

"मला माहिती आहे किती आहेत. हे ऐक." त्यांनी रेडिओ मांडीवर ठेवला. रेडिओवर एक बाई ट्यूलिपचे कंद किती खोल लावावेत ते सांगत होती. "पेटी म्हणते युद्ध. रेडिओ म्हणतो बागकाम. एका रिपोर्टवर..."

"हे पोट नाहीये सर!"

"पोटच आहे. गावभर पोटं आहेत." मग ते हळू बोलू लागले, एखाद्या घाबरलेल्या नातेवाइकाला समजवावं तसे. रोग असा कोऱ्या आभाळातून येत नाही, आधी ताप चढतो. आठवडाभराच्या पेपरात ताप आहे, पण एवढा नाही. तळावरून एक विमान उठलं नाही. समोरचा म्हातारा गवत कापतोय, कुणी त्याच्याकडे धावत येत नाही. "आणि मी हा वाजवला तर कोपऱ्यावरच्या बाईंचं काय होईल? त्यांचं हृदय मी किती वर्षं सांभाळतोय. शाळेकडे किती गाड्या सुटतील?"

"आणि खरं असलं तर?"

"तर माणसं स्वयंपाकघरात मरतील त्याऐवजी जिन्याखाली मरतील. तेवढा फरक मी डोक्यावर घेतो. तुझ्यावर नाही."

मी त्यांचा दंड धरून ओढलं. साठीच्या माणसाला, माझ्या सरांना. ते हलले नाहीत. मग मी त्यांच्या पायाशी ओल्या गवतावर बसलो आणि रडलो. रेडिओवरची बाई ट्यूलिपवरून गुलाबाच्या छाटणीवर आली. मला अजून आठवतं ते एवढंच की सरांच्या हातातली बशी सारखी वाजत होती. त्यांचा आवाज स्थिर होता, पण कप बशीवर वाजत होता आणि तो त्यांना थांबवता येत नव्हता.

चार मिनिटं गेली. आणखी चार गेली. मग आतून पुन्हा टिकटिक ऐकू आली. आधी अर्थात त्यांना. "चुकचुकली," ते म्हणाले आणि उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला. घरात जाऊन त्यांनी पहिला फोन स्टॅनमोरला केला. काकूंना विचारलं, मेथीचे दाणे कुठल्या डब्यात ठेवलेस.

पुढे कळलं ते असं. तारेची दुरुस्ती करणाऱ्या कुणीतरी चाचणीची टेप चुकीच्या जोडणीवर लावली होती. आमच्या भागातल्या थोड्याच पेट्यांवर तो इशारा गेला. एका गावात पबवाल्यानं सायरन वाजवला. तिथे एक आजीबाई जिन्यात पडून कंबर मोडून बसल्या आणि शाळेसमोर गाड्या एकमेकींवर आदळल्या. पबवाल्याला आज्ञा पाळल्याबद्दल आभाराचं पत्र आलं. आमच्याकडे नागरी संरक्षणाकडून चौकशीला एक गृहस्थ आले.

ते निवृत्त लष्करी माणूस होते. ब्लेझर, चकचकीत बूट, स्वभावानं भले. त्यांनी सरांना खोलीत बसून विचारलं आणि सरांनी जे घडलं ते सांगितलं. इशारा स्पष्ट ऐकला, सायरन न वाजवण्याचं ठरवलं, दुसऱ्या मताची वाट पाहिली. एवढंच. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी काय केलं, कुठे बसून रडलो, यातलं एक अक्षर नाही.

मी बाहेर पॅसेजमध्ये उभा राहून ऐकत होतो, तिथेच त्या गृहस्थांनी मला गाठलं. ते अडचणीत होते. ऐकूनसवरून आज्ञा मोडली म्हणजे मोठं प्रकरण. वरपर्यंत जाणार, पेपरात येणार. "तुम्ही होतात का तिथे?" त्यांनी विचारलं.

मला मथळा दिसला. इंडियन डॉक्टरनं इशारा दाबला. मला सर्जरीच्या काचा फुटलेल्या दिसल्या. आणि याखाली आणखी काहीतरी होतं. मी गवतावर बसलेला मला दिसलो, आणि ते कुणाला दिसू नये असं मला वाटलं. मी म्हणालो, मी एका पेशंटच्या घरी व्हिजिटवर गेलो होतो. आणि आवाज उतरवून म्हणालो, "सर हल्ली जरा कमी ऐकतात. ते मान्य करत नाहीत. पेटी वाजली हे त्यांना नंतर कळलं असणार."

त्या गृहस्थांचा चेहरा सैल झाला. आज्ञा मोडणारा डॉक्टर ही कटकट, बहिरा डॉक्टर ही सहानुभूतीची बाब. ते निरोप घ्यायला पुन्हा आत गेले आणि सरांशी मोठ्यानं, एकेक शब्द तोडून बोलले. सरांनी त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग त्या गृहस्थांना म्हणाले, "थँक यू," तितक्याच मोठ्यानं.

पेटी गेली, सायरनचं खोकं गेलं. सरांनी कानांची तपासणी करून घ्यावी असं वरून सुचवण्यात आलं. साठीच्या माणसाचे कान तपासले की वरचे स्वर थोडे कमी निघायचेच. तसे निघाले. त्या एका रिपोर्टवर गोष्ट पक्की झाली. गावात कुजबुज सुरू झाली की म्हाताऱ्याला छातीतलं ऐकू येत नाही. पेशंट सौजन्यानं सरांच्या यादीतून आपली नावं माझ्या यादीत घालून घेऊ लागले. कोपऱ्यावरच्या बाईसुद्धा आल्या. सरांना कानात घालायचं यंत्र मिळालं. ते रोज कानात घालत. एकदा टेबलावर काढून ठेवलेलं मी पाहिलं, त्यात बॅटरीच नव्हती.

दीड-दोन वर्षांत ते निवृत्त होऊन स्टॅनमोरला गेले. सर्जरी मला मिळाली. मी तिथे वीस वर्षं चांगलं काम केलं. ते मी नाकारत नाही, पण ते कुठून सुरू झालं हे आता लिहिलं पाहिजे.

आणि तरी मी थांबलो नाही. मराठी मंडळाच्या दिवाळीच्या जेवणात, सर नसलेल्या टेबलावर, मी ती गोष्ट सांगितली. अणुयुद्ध आलं आणि गेलं, आमचे सर चहा पीत बसलेले. लोक इतके हसले की मी पुढच्या वर्षी पुन्हा सांगितली, हातवाऱ्यांसकट. एकदा खोटं सांगितलं की ते खरं वाटावं म्हणून त्याचा विनोद करावा लागतो, असं काहीतरी असावं. गोष्ट फिरत फिरत त्यांच्या घरी पोचली. एका वर्षी त्यांच्या नातीनं सगळ्यांदेखत विचारलं, "आजोबा, तुमचा न्यूक्लिअर वॉर मिस झाला, इज इट ट्रू?"

"हो बाळ," सर म्हणाले. "मुद्दाम मिस केला."

सगळे हसले. काकू हसल्या नाहीत. जाताना कोट घालता घालता त्या मला म्हणाल्या, "अरे, तिसऱ्या खोलीतून यांना कुकरची शिट्टी मोजता येते. तुला माहीत नाही का?" मी म्हणालो, माहीत आहे काकू.

सरांनी मात्र माझ्याशी बोलणं कधी तोडलं नाही. लायब्ररीतून पुस्तकं आणून त्यांचा अभ्यास चालूच होता. एकदा दुपारी त्यांचा फोन आला, आवाजात पोरासारखा आनंद. क्यूबाच्याच दिवसांतली नवी गोष्ट सापडली होती. अमेरिकेत एका तळाच्या कुंपणावर कुणीतरी चढतंय असं पाहून पहारेकऱ्यानं गोळी झाडली, घातपाताची घंटा दिली, ती घंटा दुसऱ्या एका तळावर चुकीची जोडलेली, तिथे युद्धाची वाजली. वैमानिक अण्वस्त्रं घेऊन धावपट्टीवर निघाले. कुणीतरी गाडी काढली आणि दिवे लुकलुकवत विमानांपुढे घातली. "कुंपणावर कोण होतं सांग? अस्वल रे, अस्वल!" मग म्हणाले, "गाडीवाल्याचं पुढे काय झालं, ते लिहिलेलं नाही."

नव्वदचं दशक संपता संपता पेपरात एका रशियन अधिकाऱ्याची हकीकत आली. आमच्या त्या बुधवाराच्याच काळातली. त्याच्या यंत्रानं अमेरिकन क्षेपणास्त्रं निघाल्याचं दाखवलं होतं आणि त्यानं वर कळवलं की हे खोटं आहे. मी ते कात्रण घेऊन स्टॅनमोरला गेलो. रस्ताभर मी वाक्यं जुळवत होतो. सर बागेकडच्या खोलीत होते, आता खरोखर म्हातारे झालेले, दोन्ही मनगटांवर घड्याळं सैल झालेली. त्यांनी कात्रण दोनदा वाचलं. त्या अधिकाऱ्याला शाबासकी मिळाली नाही, उलट चौकशीत त्यालाच बोल लागला, त्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"त्याच्या शेजारी जे बसले होते," त्यांनी विचारलं, "त्यांनी काय सांगितलं?"

मी म्हणालो, पेपरात ते नाही.

"नसेल. ते विचारायला पाहिजे."

ते माझ्याकडे बघत नव्हते. कात्रणाच्या घड्या घालत होते, आणि मी जुळवून आणलेली सगळी वाक्यं तिथेच बसून होती. मी तोंड उघडलं. "तिसरी झाली," सर म्हणाले आणि आत हाक मारली, "अगं, गॅस बंद कर." मला शिट्टी ऐकू आली नव्हती. मी तोंड मिटलं. वरणभात जेवलो आणि परत आलो. त्या हिवाळ्यात ते गेले. श्रद्धांजलीच्या सभेत कुणीतरी प्रेमानं तीच गोष्ट सांगितली, आणि माणसं डोळे पुसत हसली, आणि मी पहिल्या रांगेत होतो.

सर, तुम्ही विचारलंत ते सांगतो. मी शेजारी होतो. व्हिजिटवर नव्हतो. पेटीची टिकटिक थांबली ती तुम्ही ऐकलीत, मी ऐकली नाही. इशारा दोघांनीही ऐकला. सायरन मी बाहेर काढला आणि तुम्ही त्यावर बसलात. तुमचा हात थरथरत होता आणि तुम्ही उठला नाहीत.

हा दुसरा रिपोर्ट.